वाचकांचे प्रश्न : जुनी मोटार घेताना क्लच कसा पारखावा?

वापरलेली मोटार विकत घेण्यासंबंधी सीमाभागातील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख या वेळी क्लचवर आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. बेळगावातील एका विक्रेत्याकडे आम्ही २०१७ सालची डिझेल मोटार पाहिली असून मीटरवर ७२ हजार किलोमीटर दिसतात. विक्रेत्याने शेजारी बसून यजमानांना उद्यमबागेच्या बाजूला सपाट रस्त्यावर एक फेरी मारू दिली आणि त्या फेरीत गाडी चांगली वाटली. माझे दीर मात्र म्हणतात की क्लच संपत आलेला असला तरी अशा फेरीत तो कळत नाही. आम्हाला यंत्रातले फारसे समजत नाही, आणि चोर्ला घाटातून गोव्याला माझ्या माहेरी आमचे नेहमी जाणे-येणे असते. आमच्यासारख्यांनी क्लचची पारख कशी करावी? (खानापूर)

उत्तर : आपल्या दिरांची शंका रास्त आहे. इंजिनाच्या टोकाला फिरणारे जड फ्लायव्हील आणि स्प्रिंगच्या जोराने त्यावर दाबणारी प्रेशर प्लेट या दोहोंच्या मध्ये क्लचप्लेट धरलेली असते आणि तिच्या दोन्ही अंगांना घर्षणासाठी अस्तर लावलेले असते. पेडल सोडलेले असते तेव्हा ही पकड घट्ट असते व इंजिनाचा सगळा जोर गिअरबॉक्सकडे जातो. पेडल दाबले की पकड सुटते. अस्तर झिजत गेले की पकड सैल होते, परंतु ती सैल झालेली पकडसुद्धा सपाट रस्त्यावर दोन-तीन माणसांना घेऊन सावकाश जाणाऱ्या गाडीला पुरते. तळ झिजलेली चप्पल घरातल्या कोरड्या फरशीवर व्यवस्थित चालते आणि पावसाळ्यात गडाच्या पायऱ्यांवर निसटते, तसाच हा प्रकार आहे. उद्यमबागेतल्या फेरीत गाडी चांगली वाटली याचा अर्थ त्या फेरीत क्लचवर भार आलाच नाही, एवढाच घ्यावा.

म्हणून चाचणीचा रस्ता विक्रेत्याने नव्हे, आपण निवडावा आणि त्यात चढ असावा. गाडीचा विमा चालू आहे याची खात्री करून घेऊन ती पुणे-बंगळूर महामार्गावर वंटमुरी घाटाच्या चढाला न्यावी, किंवा ते लांब वाटल्यास जांबोटीच्या रस्त्यावर एखादा मोकळा, पुढचे दूरवर दिसणारा चढ पाहावा. घरची चार माणसे गाडीत बसवावीत आणि एसी चालू ठेवावा. चढावर गाडी ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन प्रथम थोडे कुंथेल आणि मग आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा व वेगाचा काटा दोन्ही बरोबरीने, सावकाश वर चढतील. क्लच घसरत असेल तर आरपीएमचा काटा झपकन वर जाईल, इंजिनाचा आवाज वाढेल, पण गाडीचा वेग जिथल्या तिथे राहील. गॅरेजमधली मंडळी यालाच गाडी रेस होते पण पळत नाही असे म्हणतात. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनाचा जोर साधारणपणे १,८०० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान सर्वाधिक असतो. त्यामुळे काटा त्या पट्ट्यात शिरतो त्या क्षणी विशेष लक्ष द्यावे. झीज अर्धवट झालेली असेल तर घसरणे अगदी क्षणभरच दिसते आणि नंतर पकड पुन्हा बसते. तेवढा क्षणही पुरेसा पुरावा आहे, कारण घाटात तोच क्षण पुढे सगळ्या चढभर पसरतो. हाच प्रयोग पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये करून उपयोग नाही. खालच्या गिअरमध्ये गाडी सहज पुढे सरकते आणि क्लचवर पुरेसा ताण येत नाही.

पुष्कळ जण दुसरी एक चाचणी सुचवतात. गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, पाय ब्रेकवर ठेवावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडले तर क्लच पकडतो, आणि क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले तर तो संपला आहे. ही चाचणी खोटी नाही, पण माझ्या मते तिला वाजवीपेक्षा अधिक मान मिळतो. ॲक्सिलरेटर न देता इंजिनाचा जोर इतका थोडा असतो की निम्म्याहून अधिक झिजलेला क्लचही त्याला सहज अडवतो. तेव्हा या चाचणीत नापास झालेली गाडी सोडून द्यावी, मात्र पास झालेल्या गाडीवर लगेच विश्वास टाकू नये. ती एकदाच करावी, गाडीपुढे कोणालाही उभे राहू देऊ नये आणि पुन्हा पुन्हा करून बिचाऱ्या क्लचला जाळू नये.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला फोन करून इंजिन थंड ठेवावयास सांगावे आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून त्याची खातरजमा करावी. काही आवाज व झटके इंजिन थंड असतानाच उमगतात, तर घसरणे क्लच तापल्यावर अधिक स्पष्ट होते. त्यामुळे थंड इंजिनाने सुरुवात करून किमान अर्धा तास गाडी चालवल्याशिवाय चाचणी पूर्ण झाली असे मानू नये. चढावरून परत आल्यावर काच खाली करून जळकट, भाजलेल्या ब्रेकसारखा वास येतो का हे पाहावे.

मीटरवरील ७२ हजार या आकड्यावरून क्लचचे वय ठरवता येत नाही. महामार्गावर एकच गिअर धरून धावलेल्या गाडीचा क्लच एक लाख किलोमीटरच्या पुढेही टिकतो आणि शहरात हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, रांगत राहिलेल्या गाडीचा त्याच्या निम्म्यात संपतो. गळिताच्या हंगामात निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागे रोज अडकणारी गाडी, रोज रेल्वे गेटच्या रांगेत थांबणारी गाडी आणि वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला लावलेली गाडी यांचे क्लच आकड्यापेक्षा कितीतरी म्हातारे असतात. ड्रायव्हिंग स्कूलमधून निघालेली गाडी तर या बाबतीत टाळलेलीच बरी. अशा गाडीला डाव्या आसनापुढेही जादा पेडले असतात आणि ती काढून टाकली तरी गालिच्यात भोके व पत्र्यात बोल्टच्या खुणा राहतात. गालिचा उचलून त्या पाहाव्यात. गोव्यात पर्यटकांना स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्याही पुढे खासगी नोंदणी होऊन बाजारात येतात. घाट ज्याने कधी पाहिलेला नाही असा चालक चढावर गाडी ब्रेकवर न धरता क्लचवर धरतो, आणि अशा प्रत्येक चालकाचा हिशेब त्या एकाच प्लेटवर मांडला जातो. नोंदणीच्या कागदांत गाडीचा पूर्वीचा वर्ग आवर्जून पाहावा. क्लचच्या पेडलवरील रबर एका बाजूने गुळगुळीत झालेले असेल आणि मीटर मात्र ३० हजार दाखवत असेल, तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवावा.

प्रश्न : आम्ही पाहिलेल्या गाडीचे क्लच पेडल फार जड आहे आणि पाय जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी हलते. मालक म्हणतात की या कंपनीच्या सगळ्याच गाड्या अशा असतात. माझ्या गुडघ्याला त्रास आहे, म्हणूनही विचारते. (निपाणी)

उत्तर : मालकांचे म्हणणे पडताळण्याचा सोपा मार्ग असा की त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसरी एखादी गाडी शेजारीपाजारी किंवा दुसऱ्या विक्रेत्याकडे गाठून तिचे पेडल आपण स्वतः दाबून पाहावे. दोन्ही पेडले सारखीच जड लागली तर मालक खरे बोलतात.

फरक जाणवला तर प्रथम त्या गाडीचा क्लच केबलवर चालतो की तेलाच्या दाबावर, हे विचारून घ्यावे, कारण एकच लक्षण या दोन प्रकारांत वेगळे बोलते. केबलच्या क्लचमध्ये अस्तर जसजसे झिजते तसतशी पेडलची मोकळी चाल कमी होते आणि गाडी हलण्याची जागा वर सरकते. आपण वर्णन केलेले लक्षण नेमके हेच आहे. त्याचबरोबर प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटमधील डायफ्रॅम स्प्रिंगची बैठक बदलते आणि ती दाबायला अधिक जोर लागतो. पेडल जड होणे आणि पकड वर येणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की प्लेट शेवटच्या टप्प्यावर आहे असे धरून चालावे. नुसतेच जड पेडल असेल आणि पकड मध्यावरच असेल, तर गंजलेली किंवा आत तारा तुटू लागलेली केबल हेही कारण असू शकते, आणि त्याचा खर्च तुलनेने किरकोळ असतो.

मात्र केबल ढिली करून पकड पुन्हा खाली आणता येते आणि विक्रीपूर्वी तसे करून घेतलेही जाते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्यासाठी बॉनेट उघडून केबलच्या टोकाचा समायोजनाचा नट ओळखीच्या मेस्त्रीला दाखवावा. नट आट्यांच्या शेवटापर्यंत पोहोचलेला असेल तर आणखी समायोजन उरलेले नाही आणि क्लचही फारसा उरलेला नाही. याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. केबल वाजवीपेक्षा ताणलेली असेल आणि पेडलला मोकळी चालच नसेल, तर क्लचची पकड सोडवणारे बेअरिंग सतत दाबलेले राहून चांगली प्लेटही घसरू शकते. विक्रेत्याने तसे कारण सांगितल्यास त्याला आपल्यासमोर केबल समायोजित करू द्यावी आणि लगेच चढावरची चाचणी पुन्हा घ्यावी. ‘नंतर करून देतो’ हे उत्तर स्वीकारू नये.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये झीज आपोआप भरून निघते, त्यामुळे प्लेट संपत आली तरी पकडीची जागा बहुधा बदलत नाही. तिथे पेडलच्या उंचीवरून प्लेटचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे. तिथे पाहण्याच्या गोष्टी वेगळ्या असतात. पेडल स्पंजासारखे मऊ लागणे, दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावरच गिअर पडणे, किंवा पेडल खालीच चिकटून राहणे ही तेल गळत असल्याची किंवा नळीत हवा शिरल्याची लक्षणे आहेत. पेडलच्या वर डॅशबोर्डखाली बोट फिरवून ओल लागते का हे पाहावे. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचे तेल एकाच डब्यातून येते, म्हणून त्या डब्यातील पातळी कमी असणे हा केवळ क्लचचा प्रश्न राहत नाही.

आपल्या गुडघ्याचा विचार करता, हलके पेडल असलेली गाडी मिळेपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर ऐकू येते आणि क्लच दाबला की ती बंद होते. विक्रेता म्हणतो, क्लच बेअरिंग गेले आहे, स्वस्तात होईल. शिवाय रिव्हर्स टाकताना कधीकधी खर्रकन आवाज येतो. (चिकोडी)

उत्तर : विक्रेता एक तर चुकतो आहे किंवा स्वस्तातले कारण पुढे करतो आहे. क्लच बेअरिंग, म्हणजे रिलीज बेअरिंग, पेडल दाबले की कामाला लागते. म्हणून त्याचा आवाज पेडल दाबल्यावर सुरू होतो आणि सोडल्यावर थांबतो. आपण लिहिता तो आवाज नेमका उलटा आहे. पेडल सोडलेले असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो आणि पेडल दाबले की तो थांबतो. तेव्हा पेडल दाबल्यावर बंद होणारी घरघर बहुधा त्या शाफ्टच्या बेअरिंगची, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतली असते. गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च क्लचच्या खर्चाहून वेगळा आणि बहुतेक वेळा मोठा असतो. रिलीज बेअरिंगही तितकेसे स्वस्त पडत नाही, कारण वस्तूची किंमत कमी असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

रिव्हर्सच्या आवाजाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स गिअरला पुढच्या गिअरसारखी सिंक्रोनायझरची, म्हणजे दात्यांचा वेग जुळवून घेण्याची सोय नसते, त्यामुळे पेडल दाबताक्षणी गिअर ओढला तर चांगल्या गाडीतही दाते खरखरतात. गाडी पूर्ण थांबवावी, पेडल तळापर्यंत दाबावे, मनात चारपर्यंत अंक मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. आवाज आला नाही तर दोष चालवण्याच्या घाईचा आहे. एवढे थांबूनही खर्र आवाज आला, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे केबल सैल आहे, तेलात हवा आहे किंवा प्लेट वाकली आहे. गाडी चालू असताना केवळ एकाच ठरावीक गिअरला, उदाहरणार्थ फक्त दुसऱ्याला, आवाज येत असेल तर तो दोष क्लचचा नसून गिअरबॉक्सचा असतो. घरघर गिअरबॉक्सची निघाली तर ही गाडी घेऊ नये.

प्रश्न : जांबोटी भागातील एका बंद घराबाहेर पावसाळाभर उभी असलेली गाडी स्वस्तात मिळते आहे. सुरू केल्यावर पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरत उचलते. (बेळगाव, शहापूर)

उत्तर : जांबोटी-कणकुंबीच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर चढतो आणि प्लेट कधीकधी त्याला चिकटूनही बसते. असा थर असेल तर गाडी काही वेळा उचलल्यावर थरथर कमी होत जाऊन नाहीशी होते. अर्ध्या तासानंतरही ती कायम असेल तर मात्र प्लेटवर तेल सांडले आहे, फ्लायव्हील तापून डागाळले आहे किंवा इंजिनाला धरून ठेवणारे रबरी माउंटिंग फाटले आहे, यांपैकी एखादी शक्यता उरते. माउंटिंग पाहणे सोपे आहे. बॉनेट उघडे ठेवावे, मेस्त्रीला बाजूला उभे करावे आणि क्लच हळू सोडावा. इंजिन एका बाजूला उसळून डोलले तर दोष तिथे असू शकतो. तेलासाठी गाडीखाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले जातात त्या सांध्याखाली चिकट ओल आहे का हे बघावे. थरथर सर्वांत स्पष्ट कळते ती उलट्या चढावर रिव्हर्समध्ये. ती चाचणी एखाद्या रिकाम्या चढावर घ्यावी; कपिलेश्वर उड्डाणपुलावरील गर्दीत ती घेण्याचे साहस करू नये.

गाडी केवळ पावसात उभी होती की पुरात बुडाली होती, हेही विचारावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या जिल्ह्यातील नदीकाठच्या कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. बुडालेल्या गाडीच्या बाबतीत क्लचची चर्चा करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मला ऑटोमॅटिक गाडी घ्यायची आहे. विक्रेता म्हणतो, तिला क्लचच नाही, तेव्हा क्लच जाण्याचा प्रश्नच येत नाही. हे खरे आहे का? (बेळगाव, टिळकवाडी)

उत्तर : पेडल नाही, एवढेच खरे आहे. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे मोटारींत रुळलेली एएमटी ही पद्धत, म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच कोरडा क्लच; फक्त तो दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम पायाऐवजी यंत्रणा करते. प्लेट झिजते ती तशीच. ह्युंदाईने २०२० मध्ये आणलेल्या आयएमटी गाड्यांत गिअर हाताने बदलावा लागतो, पण क्लचचे पेडल नसते. क्लच मात्र तिथेही असतो. दोन क्लच असलेले डीसीटी गिअरबॉक्स तर याहून महाग दुरुस्तीचे. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या अन्य ऑटोमॅटिक पद्धतींच्या गाड्यांत मात्र असा झिजणारा कोरडा क्लच नसतो, त्यामुळे विक्रेत्याचे वाक्य फार तर त्यांना लागू पडेल. आपण पाहत असलेली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

एएमटी असेल तर सपाट जागी ब्रेक सोडल्यावर गाडी झटका न देता हळूच पुढे सरकते का हे पाहावे. चढावर थांबून पुन्हा निघताना ती फार मागे येत असेल, थरथरत असेल किंवा आरपीएम वाढूनही उशिराने उचलत असेल, तर क्लच थकला आहे. या गाड्यांचे क्लच लवकर जाण्याचे एक मोठे कारण चालकांची सवय हे आहे. सिग्नलला किंवा पुलाच्या चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवली जाते आणि तेवढा वेळ प्लेट घासत राहते. पूर्वीचे मालक गाडी चालवून दाखवत असतील तर शेजारी बसून त्यांची ही सवय न्याहाळावी. तिच्यातून सर्व्हिस बुकापेक्षा अधिक कळते. अधिकृत सेवा केंद्रात स्कॅनर लावून घेणे एएमटी व डीसीटीसाठी अनिवार्य समजावे, कारण गिअरबॉक्सने नोंदवून ठेवलेले दोष डॅशबोर्डवरील दिवा विझवला तरी तिथे बहुधा सापडतात. क्लच बदलला असल्याचे सांगितले जात असेल तर त्यानंतर गिअरबॉक्सला नव्या क्लचची ओळख करून देण्याची प्रक्रियाही स्कॅनरने झाली होती का, हे विचारावे.

प्रश्न : सांगलीची, एमएच-१० पासिंगची गाडी ठरवली आहे. चढावर क्लच घसरतो हे मालकांनीही मान्य केले. ते म्हणतात, एक तर दहा हजार कमी करतो किंवा क्लच मीच बदलून देतो. काय करावे? (अथणी)

उत्तर : बाकीची गाडी निकोप असेल तर केवळ क्लचसाठी ती सोडण्याचे कारण नाही. क्लच हा झिजण्यासाठीच असलेला भाग आहे, आणि दोष आधीच मान्य करणारा मालक भेटणे ही जमेची बाजू आहे. परंतु दहा हजार हा आकडा आला कुठून, हे पाहावे. अधिकृत सेवा केंद्रातून आणि ओळखीच्या गॅरेजमधून त्या मॉडेलसाठी लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट, गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील एवढ्या बाबी स्वतंत्र लिहिलेल्या असाव्यात. मजुरी एकदाच पडते, म्हणून नुसती प्लेट बदलून बेअरिंग जुनेच ठेवणे ही खोटी बचत आहे. फ्लायव्हीलवर चरे किंवा निळसर डाग असतील तर बेळगावात उद्यमबागेतील लेथवर त्याचे फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करणे, होऊ शकते. काही डिझेल गाड्यांना मात्र दोन भागांचे, आत स्प्रिंगा असलेले ड्युअल मास फ्लायव्हील असते. ते खराब निघाले तर बदलावेच लागते आणि तेवढ्यानेच अंदाजपत्रक कित्येक पटींनी फुगते. म्हणून या गाडीला ते आहे का, हा प्रश्न आकड्यावर घासाघीस करण्यापूर्वी विचारावा.

‘मीच बदलून देतो’ हा पर्याय मी नाकारीन. विकून टाकायच्या गाडीत नवा सेट बसवण्यात मालकाला रस नसतो आणि जुन्याच प्लेटवर नवे अस्तर मारून बसवलेली प्लेट पहिले काही महिने नव्यासारखीच भासते. अंदाजपत्रकाइतकी रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी आणि काम आपल्या पसंतीच्या गॅरेजमध्ये आपण करून घ्यावे.

पासिंग महाराष्ट्राचे असल्यामुळे हिशेब एवढ्यावर संपत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी सांगलीच्या परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला आणि कर्नाटकाचा आजीवन कर लागेल. पलीकडची गाडी स्वस्त दिसते ती बऱ्याच वेळा हा कर न मोजल्यामुळे. कर आणि क्लच हे दोन्ही आकडे मिळवून मगच अलीकडच्या केए पासिंगच्या गाडीशी तुलना करावी. विसार देताना क्लचचा दोष व त्यापोटी ठरलेली वजावट पावतीवर लिहून घ्यावी.

काम चालू असताना गिअरबॉक्स उतरवल्यावर गॅरेजमध्ये स्वतः जाऊन जुनी प्लेट हातात घ्यावी. अस्तर रिव्हेटच्या पातळीपर्यंत झिजलेले असेल तर ती आपल्या आयुष्याने संपली. अस्तर जाड असूनही तेलाने काळे पडलेले असेल, तर घसरण्याचे कारण झीज नसून गळती आहे. अशा वेळी इंजिनाचे मागचे सील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील, दोन्ही बदलल्याशिवाय नवा सेट बसवू देऊ नये. त्यानंतरचे पहिले काही शे किलोमीटर चढावर पूर्ण भार देऊन गाडी पळवू नये.